साडेसहा कोटी वर्षांचा जिना

सप्टेंबरमधली एक पहाट. तीन वाजलेत. जुन्नर तालुक्यातलं खिरेश्वर अजून झोपेत आहे. एका हाताला पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी, दुसऱ्या हाताला भातखाचरं आणि त्यात बेडकांचा गलबला. समोर, काळोखाहूनही काळा, हरिश्चंद्रगड. सॅकचे पट्टे आवळायचे, डोक्यावरची टॉर्च लावायची आणि निघायचं.

न्याहारीच्या वेळेपर्यंत आपण खाचरांतून जंगलात, जंगलातून उभ्या कातळावर, कातळावरून कारवीच्या रानात, तिथून फुलांनी भरलेल्या सड्यावर आणि शेवटी थेट ढगांच्या काठावर पोचलेले असू. सपाट मुलखात एवढे बदल पाहायचे तर गाडीने दिवसभर जावं लागेल. इथे ते एका सकाळच्या पायपिटीत मावतात. असं का व्हावं? एका डोंगरात इतके मुलूख कोणी रचून ठेवले?

उत्तर पायांना आधी कळतं. अंधारात डोळ्यांना काही दिसत नसतं, पण पोटऱ्या हिशेब ठेवतात. छातीवर येणारा चढ, मग अचानक सपाटी, जरा श्वास घेतो न घेतो तोच पुन्हा चढ, पुन्हा सपाटी. सह्याद्रीत कुठल्याही गडावर जा, हीच लय. माळशेजच्या रस्त्यावरून दिवसा या डोंगरांकडे पाहिलंत तर तीच लय डोळ्यांनाही दिसते. काळ्या कड्याची पट्टी, तिच्यावर हिरव्या उताराची पट्टी, पुन्हा काळी, पुन्हा हिरवी. एखाद्या राक्षसासाठी बांधलेला जिनाच! भूवैज्ञानिकांनाही नेमकं हेच वाटलं. आपल्या दख्खनच्या खडकाला ते ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि हा ‘ट्रॅप’ शब्द जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलाय.

या जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक पूर.

पूर हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकातून उडणारी आग आठवते. इथे बहुतेक तसं काही नव्हतं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उलली आणि त्या भेगांतून लाव्हा उतू गेला, चुलीवरचं दूध उतू जावं तसा. पसरला, थंड झाला, दगड झाला. मग त्याच्यावर पुढचा पूर. असे कितीतरी पूर एकावर एक साचले. आज झीज होऊन उरलेला हा खडकसुद्धा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय आणि पश्चिम घाटाजवळ त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते. यातला बराचसा लाव्हा दहा लाखांहूनही कमी वर्षांत बाहेर आला, असं अलीकडचं कालमापन सांगतं. पृथ्वीच्या हिशेबात ही दुपारची डुलकी.

आणि हे सगळं घडलं तेव्हा महाराष्ट्र इथे नव्हताच! भारताचा भूखंड तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात होता आणि वर्षाला पंधरा सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने उत्तरेकडे निघाला होता. आपली नखं वाढतात त्याच्या चौपट वेग म्हणा. ज्या तप्त जागेवरून तो सरकला, ती जागा अजून धगधगते आहे, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तिच्यावर आज रियुनियन नावाचं बेट बसलंय आणि तिथला ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओततो. म्हणजे हरिश्चंद्रगड ज्या चुलीवर रांधला गेला ती चूल हजारो किलोमीटर मागे राहिली, आणि शिजलेलं पातेलं घेऊन आपण पुढे आलो.

एव्हाना पूर्वेला फटफटायला लागलेलं असतं आणि आपण तोलार खिंडीत पोचतो. वाघाचं शिल्प कोरलेला एक दगड इथे आहे. बहुतेक लोक इथे पाणी पितात, चिक्की काढतात आणि पुढे सटकतात. मी म्हणेन, दोन मिनिटं थांबा. कारण ही खिंड एक भलतीच मोठी गोष्ट करते.

खिंडीच्या खिरेश्वरच्या बाजूला पावसाचा एक थेंब पडला असं धरा. तो ओढ्याने धरणात जाईल, तिथून कुकडीच्या खोऱ्यात, कुकडीतून घोड नदीत, घोडमधून भीमेत. पुढे भीमेचं नाव चंद्रभागा होतं आणि हा थेंब पंढरपूरच्या वाळवंटाला लागून वाहतो. मग कृष्णा. आता दुसरा थेंब, पहिल्यापासून हातभर अंतरावर, पण खिंडीच्या पलीकडच्या उतारावर पडलेला. तो मुळेत जातो, मुळेतून प्रवरेत, प्रवरासंगमाला गोदावरीत, आणि गोदावरी त्याला पैठणला नेते. एक थेंब विठोबाकडे, एक नाथांच्या गावी. ढगातून एकत्र निघालेले दोघे!

इथून पुढे त्यांचा प्रवास शेकडो किलोमीटरचा, वेगवेगळ्या राज्यांतून. शेवटी दोघेही आंध्रच्या किनाऱ्यावर, अगदी शेजारी-शेजारी असलेल्या दोन त्रिभुज प्रदेशांत पोचतात. त्यातही एक गंमत आहे. २०१५ पासून गोदावरीचं पाणी उचलून कालव्याने विजयवाड्याजवळ कृष्णेत सोडलं जातं. म्हणजे खिंडीत ताटातूट झालेल्या थेंबांना पुन्हा भेटायची सोय माणसाने करून ठेवली आहे. तिसऱ्या थेंबाची गोष्ट याहून वेगळी आहे, पण त्यासाठी वरपर्यंत चढायला हवं.

खिंडीनंतर कातळटप्पा लागतो. रेलिंग आहे, पण पावसाळ्यात हात आणि पाय दोन्ही वापरावे लागतात. मागे एकदा आमच्याबरोबर आलेले गावातले मामा अनवाणी पायांनी सरसर चढत म्हणाले होते, “कोरड्यावर पाय टाका. काळा दगड पाय धरतो, हिरवा दगड पाय सोडतो.” शेवाळाबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

रेलिंगला धरून उभे असाल तेव्हा नाक खडकाजवळ न्या. काही जागी खडक घट्ट, निळसर काळा, एकसंध दिसेल. काही जागी जाळीदार, पावासारखा. ही भोकं म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. सोड्याची बाटली उघडली की फेस वर येतो ना, तसा लाव्हा वाहताना त्यातला वायू वरच्या भागात जमला आणि दगड होता होता तिथेच अडकला. पुढे लाखो वर्षं या भोकांतून गरम पाणी झिरपलं आणि आत स्फटिक वाढवत गेलं. पांढरे, गुलाबीसर, कधी हिरवट. स्टिल्बाइट, हूलँडाइट, अपोफिलाइट अशी त्यांची नावं. महाराष्ट्राच्या खाणींतून निघालेले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेच्या कपाटांत बसलेत, आणि आपण त्यांना धरून चढतोय.

आता जिन्याचं कोडं सुटतं. प्रत्येक पुराचा घट्ट भाग ऊनपावसाला दाद देत नाही. तो कडा होऊन उभा राहतो. जाळीदार भाग लवकर कुजतो, भुगा होतो, उताराला लागतो. त्या उतारावर माती साचते, मातीत रान उगवतं. काळी पट्टी आणि हिरवी पट्टी यांचं रहस्य एवढंच: टणक आणि ठिसूळ.

मधेच कुठेतरी विटेच्या रंगाची लाल रेघ दिसली तर तिच्यावर बोट ठेवा. दोन पुरांच्या मधला तो निवांतपणा आहे. पहिला लाव्हा निवला, त्याच्यावर पाऊस पडला, माती तयार झाली, आणि मग पुढच्या लाव्ह्याने ती माती विटेसारखी भाजून काढली. काही ठिकाणी या मधल्या काळात तळी साचली होती, त्यांच्या काठी जीव राहत होते. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच गाळाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडलेत. खाली खिरेश्वरच्या खाचरांत गलबला करणाऱ्यांचे किती जुने नातलग!

ही लाल रेघ आणखी एक काम करते. ती चिकणमातीसारखी असल्याने पाणी तिच्यातून सहज खाली जात नाही. वरच्या जाळीदार खडकात मुरलेलं पाणी तिच्याशी अडतं आणि आडवं वाहत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. भर उन्हाळ्यात, अर्ध्या डोंगरावर, आजूबाजूला काही नसताना एखादा झरा कसा काय वाहतो, याचं उत्तर पुष्कळदा अशा थरात असतं.

कातळ संपला की सात टेकड्यांची वाट. चढ-उतार, चढ-उतार. खोलगट जागी, जिथे माती जाड साचली आहे, तिथे दाट सावलीचं जंगल. हिरडा, जांभूळ, अंजनी. उतार मोकळा झाला की कारवी.

कारवीपाशी मला नेहमी थोडं स्तब्ध व्हायला होतं. डोक्याएवढं उंच, खरखरीत पानांचं हे झुडूप. इथल्या घरांच्या कुडाच्या भिंती हिच्याच काठ्यांच्या. ही दर पावसाळ्यात वाढते, पण फुलत नाही. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं, काही नाही. मग साधारण सात-आठ वर्षांनी एका पावसाळ्याच्या शेवटी अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो. सगळी झुडपं एकाच वेळी! त्यांच्याकडे पंचांग नाही, पण साल चुकत नाही. बी धरलं की झुडूप मरून जातं. सुकलेल्या बोंडांना ओल लागली की ती तडतड फुटतात आणि बिया दूर उडतात.

एवढी वर्षं थांबून एकदमच का फुलायचं? याचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण म्हणजे गर्दी. थोड्या बिया दरवर्षी टाकल्या तर उंदीर, पाखरं, किडे त्या फस्त करतील. सात-आठ वर्षांच्या बिया एकाच वेळी जमिनीवर ओतल्या तर खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि बिया उरतात. त्यातूनच पुढची कारवी उगवते, आणि तिच्या मुळांनी तो घसरडा उतार धरून ठेवला जातो.

टेकड्या संपतात आणि झाडं एकाएकी मागे राहतात. समोर मोकळा, ओला सडा. एका टणक पुराचा हा वरचा चेहरा. खडक इतका घट्ट की माती इथे बोटा-दोन बोटांपेक्षा जास्त साचतच नाही. आणि साचते तिच्यातलं सत्त्व धो-धो पाऊस धुऊन नेतो. नापीकच म्हणायची ही जागा. मग सप्टेंबरात इथे पिवळ्या सोनकीचे ताटवे, गेंदाची पांढरी बटणं आणि निळ्या-जांभळ्या ‘सीतेच्या आसवां’चा गालिचा कसा काय पसरतो?

सीतेची आसवं गुडघे टेकून पाहा. बोटाच्या पेरापेक्षा लहान फूल, इतकं नाजूक की श्वासानेही हलतं. याच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात. झाड त्यांतलं पाणी बाहेर काढून आत पोकळी धरून ठेवतं. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या दारावरच्या केसाला लागला की दार आत उघडतं, पाणी त्या जिवासकट आत ओढलं जातं आणि दार बंद होतं. हे सगळं एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात! आपली पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. वनस्पतींच्या दुनियेतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती आपल्या बुटाखाली, चिखलात चालू आहे. मातीतून नायट्रोजन मिळत नाही, म्हणून हे फूल शिकार करतं. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंब चमकवत किड्यांची वाट पाहत असते.

दगड टणक, म्हणून माती पातळ. माती पातळ, म्हणून झाड नाही. झाड नाही, म्हणून ऊन भरपूर. ऊन आहे पण अन्न नाही, म्हणून फूल मांसाहारी. लाव्ह्याच्या एका पुराने काय काय ठरवून टाकलं, बघा.

सड्यापुढे हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आणि पुष्करणी. चांगदेवांनी इथे तप केलं आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच रचला, असं सांगतात. शेजारी केदारेश्वराची गुहा. आत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात भलंमोठं शिवलिंग, आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. तीन खांब तुटले तरी छत कसं टिकलं? कारण हे घर बांधलेलं नाही, कोरलेलं आहे. छत, भिंती, लिंग आणि खांब हा सगळा एकच दगड, एका पुराचा घट्ट गाभा. देशातल्या कोरीव लेण्यांचा मोठा वाटा महाराष्ट्रात आहे, आणि त्याचं एक कारण हा दगड आहे. छिन्नी चालवू देतो आणि नंतर शतकानुशतकं ढळत नाही.

आता शेवटची वाट, पश्चिमेकडे. पायवाट हळूहळू उतरते, गवत वाऱ्याने आडवं झालेलं असतं आणि मग जमीन संपते.

कोकणकडा. त्याच्याविषयी कितीही ऐकलेलं असो, पहिल्यांदा पाहताना तोंडून शब्द फुटत नाही. घोड्याच्या नालेसारखा वळलेला, मधे आत दबलेला, नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला कडा. हजारेक मीटर खाली बेलपाड्याची घरं. सगळ्या पायऱ्या एकाच वेळी, एकाच कापात समोर. खाली कोकणात दिसणारे सुटे सुळके आणि एकांडे डोंगर हे याच जिन्याचे मागे राहिलेले तुकडे. हा कडा एकेकाळी आणखी पश्चिमेला होता आणि झिजत झिजत इथवर मागे सरकला, असं भूवैज्ञानिक सांगतात.

तिसरा थेंब इथला. कड्याच्या कोकणबाजूला पडलेलं पाणी काळू नदीने उल्हासला मिळतं आणि पाहता पाहता अरबी समुद्रात. चंद्रभागेच्या थेंबाला बंगालच्या उपसागरापर्यंत अख्खं दख्खन तुडवावं लागतं, आणि याला समुद्र जवळजवळ अंगणात! एका डोंगरावरून पाणी तीन खोऱ्यांत वाटलं जातं.

कड्यावर आणखी एक गोष्ट उलटी होते. इथे पाऊस खालून वर पडतो. कोकणातून आलेला वारा या भिंतीवर आदळतो, त्याला जायला वरचीच वाट उरते, आणि तो थेंबांना, पानांना, कुणाच्या तरी टोपीला वर घेऊन येतो. वर चढताना ही दमट हवा थंड होते, तिच्यातली वाफ पाणी होते, ढग जन्माला येतो. आपल्या पायाखाली, आपल्या डोळ्यांदेखत. यातलं बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच कोसळतं. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला एका दिवसाच्या सायकलप्रवासावर असलेल्या संगमनेरला जेमतेम पाचशे.

आणि सकाळी, ऊन वर येत असताना, खालची दरी ढगाने भरलेली असेल तर… वळून सूर्याकडे पाठ करा आणि खाली बघा. ढगावर आपली सावली पडलेली दिसेल. तिच्या डोक्याभोवती रंगांचं कडं. कमान नव्हे, पुरतं वर्तुळ. आत निळसर, बाहेर तांबूस. याला आपण इंद्रवज्र म्हणतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने याच गडावरून ते पाहिलं आणि दख्खनच्या हवामानावरच्या, १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात नोंदवून ठेवलं.

सर्वांत विलक्षण भाग पुढेच आहे. तुमच्या शेजारी मित्र उभा असेल. ढगावर दोघांच्याही सावल्या असतील. तरी तुम्हाला कडं फक्त तुमच्या डोक्याभोवती दिसेल, आणि त्याला त्याच्या. दोघांचं इंद्रवज्र एक नाहीच! ढगातले केसाहूनही बारीक थेंब प्रकाशाला जवळजवळ आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणून तुमच्या डोळ्यांकडे येणारा प्रकाश तुमच्या सावलीच्या डोक्याभोवतूनच येतो. साधं इंद्रधनुष्य शाळेतल्या भौतिकशास्त्राने उलगडतं, पण इंद्रवज्राने विसाव्या शतकातल्या भल्याभल्यांना झुंजवलं. त्याची घट्ट उकल ब्राझीलच्या मोइसेस नुसेनझ्वेग यांच्या गणिताने मिळाली.

१८९४ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस या डोंगरावर, उंचीने आपल्या हरिश्चंद्रगडाहून थोडा कमीच, चार्ल्स विल्सन नावाच्या तरुणाने असंच कडं पाहिलं आणि तो वेडावला. हे आपण प्रयोगशाळेत करून पाहू, म्हणून त्याने काचेच्या पात्रात ढग बनवायला घेतले. त्यातूनच ‘क्लाउड चेंबर’ निघालं. त्यातल्या ढगात अणूहूनही बारीक कणांच्या वाटा धुरकट रेघांसारख्या दिसू लागल्या. विल्सनला १९२७ चं नोबेल मिळालं, आणि १९३२ मध्ये अशाच यंत्रात प्रतिद्रव्याचा पहिला कण, पॉझिट्रॉन, पकडला गेला. एका माणसाने सकाळी डोंगर चढून सावलीभोवतीचं कडं पाहिलं, म्हणून!

हे वाचून जावंसं वाटलं तर एवढं करा. गावातला वाटाड्या सोबत घ्या, पावसाळ्यात वाट धुक्यात हरवते. सड्यावर मळलेली वाट सोडून फुलांत पाय घालू नका. आणि कोकणकड्याच्या टोकाशी उभं राहून कधीही डोकावू नका. सॅक मागे ठेवा, पालथं झोपा, हनुवटी दगडावर टेकवा आणि मग खाली बघा. सकाळी आठच्या सुमारास, ऊन पाठीवर घेऊन.